तपकिरी पाकीट आलं: कोर्स करावा की पॉइंट्स घ्यावेत?

२४ सप्टेंबर २०२३, रविवार. लंडनमध्ये हॅरोला मैत्रिणीकडच्या गणपतीचं दर्शन घेऊन आम्ही स्लाऊला घरी येत होतो. गाडी मी चालवत होते. मागे सासूबाई, त्यांच्या मांडीवर उरलेल्या मोदकांचा डबा, शेजारी पेंगणारा नवरा. रस्ता रुंद, मध्ये कठडा, चिटपाखरू नाही. मी मनातल्या मनात त्याला ताशी ४० मैलांचा रस्ता ठरवून टाकलं. तो ३०चा होता आणि मी ३७वर होते.

३ ऑक्टोबरला पोलिसांचं तपकिरी पाकीट आलं, तेही नवऱ्याच्या नावावर. तेव्हापासून आमच्या ओळखीत कुणाला असं पाकीट आलं की फोन मला येतो, कारण मी पेरोलमध्ये काम करते आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची मला खोड आहे. वेगमर्यादा मोडल्यावर दंड भरून लायसन्सवर गुन्ह्याचे पॉइंट्स घ्यायचे, की त्याऐवजी वेगाबद्दलचा 'स्पीड अवेअरनेस' कोर्स करायचा, हे प्रत्येकाला तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदा लिहून टाकते. हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर तिथली पद्धत वेगळी आहे, हे वाचून तिथे काही ठरवू नका.

पहिलं पाकीट कोर्सचं नसतंच

फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "ताई, कोर्स घेऊ का?" अहो, तुम्हाला अजून कुणी विचारलेलंच नाही. पहिल्या पत्रात पोलीस एवढंच विचारतात की गाडी कोण चालवत होतं. ते पत्र गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला जातं. उत्तर द्यायला २८ दिवस मिळतात. उत्तर दिलंच नाही तर तो वेगळा गुन्हा होतो, आणि त्याला ६ पॉइंट्स आणि १००० पौंडांपर्यंत दंड आहे. म्हणजे वेगाच्या ३ पॉइंट्सना घाबरून पत्र ड्रॉवरमध्ये सारलं तर दुप्पट पॉइंट्स पदरात. आमच्याच गल्लीतल्या एका काकांनी नेमकं हे केलं. "बघू, परत पत्र आलं तर भरू," म्हणाले. परत आलं ते कोर्टाचं.

पत्रावरची तारीख बघा. गाडीच्या नोंदणीकृत मालकाला ही नोटीस घटनेपासून १४ दिवसांत मिळायला हवी. आमची नवव्या दिवशी आली, तिथे बोलायला जागाच नव्हती. पण हा १४ दिवसांचा नियम फक्त पहिल्या पत्राला आहे. नवऱ्याने माझं नाव कळवल्यावर मला माझ्या नावाचं वेगळं पत्र आलं, ते कधीही आलं तरी चालतं. गाडी लीजवर किंवा ऑफिसची असेल तर पहिलं पत्र त्या कंपनीला जातं आणि तुमच्यापर्यंत महिन्याने पोचतं. त्यावरून "उशीर झाला, सुटलो" म्हणत पेढे वाटू नका.

आणि पत्ता! आपल्यापैकी निम्मे लोक भाड्याची घरं बदलत फिरतात, लायसन्सवरचा पत्ता बदलतात आणि गाडीच्या लॉगबुकवरचा, म्हणजे नोंदणीच्या कागदावरचा, विसरतात. दोन्ही वेगवेगळे बदलावे लागतात. पत्र जुन्या घरी जातं, तिथला नवा भाडेकरू ते रिसायकलिंगमध्ये टाकतो, आणि तुमच्या गैरहजेरीत तुम्ही दोषी ठरता. असं झालंच तर, कळल्यापासून २१ दिवसांच्या आत कोर्टात शपथपत्र देऊन "मला खटल्याची माहितीच नव्हती" असं सांगता येतं आणि प्रकरण पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. कागदाचा घोळ मोठमोठ्यांचाही होतो. तेव्हाचे कॅंटरबरीचे आर्चबिशप, म्हणजे इंग्लंडच्या चर्चचे सर्वांत वरिष्ठ धर्मगुरू, जस्टिन वेल्बी लंडनमध्ये २०च्या रस्त्यावर २५ने गेले. दंड भरायचा प्रयत्न केला होता, पण कागदपत्रांत गडबड होऊन प्रकरण कोर्टात गेलं. २०२३मध्ये त्यांना ३ पॉइंट्स आणि एकूण ५१० पौंड पडले. ३०० दंड, १२० सरचार्ज, ९० खर्च. मूळ दंड १००चा असतो.

"सासूबाईंचं नाव घाल ना"

हा सल्ला मला एका हुशार, शिकल्यासवरलेल्या मैत्रिणीने दिला. सासूबाईंकडे सांगलीचं लायसन्स आहे, व्हिजिटर व्हिसा आहे, नोव्हेंबरात परत जाणार. "त्या गेल्या की कोण विचारतंय?" सासूबाईंनीही लगेच होकार भरला. "घाल गं माझं नाव, मला काय होतंय." त्यांनी शेवटचं चाक हातात घेतलं ते लुनाचं.

हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्याच्या नावावर पॉइंट्स ढकलणं हा वेगाचा गुन्हा नव्हे, न्यायप्रक्रियेत खोडा घालण्याचा गुन्हा आहे, आणि त्याला तुरुंग आहे. ख्रिस ह्यून हे पुढे इथले कॅबिनेट मंत्री झाले. २००३मध्ये स्टॅनस्टेड विमानतळावरून येताना एम११ मोटरवेवर कॅमेऱ्याने धरले गेले, आणि पॉइंट्स घेतले बायकोने, विकी प्राइस यांनी. पुढे संसार मोडला, गोष्ट बाहेर आली, आणि २०१३मध्ये दोघांनाही ८-८ महिन्यांची शिक्षा झाली. १० वर्षांनी, ३ पॉइंट्सपायी. फॉर्मवर नाव खऱ्या ड्रायव्हरचंच जाऊ द्या, मग तो नवरा असो, मुलगा असो की तुम्ही.

कोर्स कुणाला देतात

नाव कळवल्यावर काही दिवसांनी दुसरं पत्र येतं, त्यात पर्याय असतात. कोर्स हा हक्क नाही, पोलीस देऊ करतात. त्यांचा एक मार्गदर्शक तक्ता आहे: मर्यादेच्या वर दहा टक्के आणि २ मैल, इथून पुढे कारवाई, दहा टक्के आणि ९ मैल, इथपर्यंत कोर्स. आकड्यांत सांगायचं तर २०च्या रस्त्यावर २४ ते ३१, ३०वर ३५ ते ४२, ४०वर ४६ ते ५३, आणि मोटरवेच्या ७०वर ७९ ते ८६. हा तक्ता पोलिसांवर बंधनकारक नाही, त्यामुळे "मी ३४वर होतो, मला कसं पकडलं" असा वाद घालता येत नाही. मर्यादा ३० म्हणजे ३०च. वेल्समध्ये जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवा, तिथे १७ सप्टेंबर २०२३पासून वस्तीतल्या बहुतेक ३०च्या रस्त्यांची मर्यादा २० झाली आहे.

दुसरी अट अशी की, गेल्या ३ वर्षांतल्या एखाद्या गुन्ह्यासाठी हा कोर्स केलेला नसावा. इथे सगळे चुकतात. ३ वर्षं कोर्सच्या दिवसापासून मोजत नाहीत, गुन्ह्याच्या तारखेपासून गुन्ह्याच्या तारखेपर्यंत मोजतात. आमच्या नवऱ्याने २०२१च्या जूनमध्ये वेग मोडून कोर्स केला होता. त्या रविवारी चाक त्याच्या हातात असतं तर त्याला कोर्स मिळालाच नसता. ही गोष्ट तो अजून "बघ, मी झोपलो म्हणून वाचलो" अशी सांगतो.

आता हिशेब

लोक काय करतात, तर कोर्सची फी बघतात आणि दंड बघतात. मला कोर्स ९२ पौंडांना पडला, दंड १००. "आठ पौंडांसाठी कोण तीन तास बसणार?" म्हणून दंड भरून मोकळे होतात. हे म्हणजे भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून घासाघीस करायची आणि पर्स तिथेच विसरून यायची.

दंडाबरोबर ३ पॉइंट्स येतात. ते लायसन्सवर ४ वर्षं दिसतात. विमा कंपन्या साधारणपणे मागच्या ५ वर्षांचं विचारतात. म्हणजे हिशेब ९२ विरुद्ध १०० असा नाहीच, ९२ विरुद्ध १०० अधिक पुढच्या ५ रिन्युअल्सची वाढ, असा आहे. ती वाढ किती, हे वय, पोस्टकोड, गाडी यावर ठरतं. मी एका ब्रोकरला फोन करून, नाव न सांगता, माझ्या वयाच्या बाईला एका एसपी३०ने (वेग मोडल्याचा लायसन्सवरचा कोड) किती फरक पडेल असं विचारलं. त्याने वर्षाला पन्नासएक पौंड म्हणून अंदाज दिला. पाच वर्षांचे अडीचशे. मैत्रिणीचा मुलगा २१ वर्षांचा आहे, त्याच्यासाठी विचारलं तर त्याने आकडा सांगण्याआधी नुसता "ऊफ्" केलं. तुलनेच्या वेबसाइटवर आपलंच खरं नाव आणि गाडी घालून एकदा पॉइंट्ससकट, एकदा पॉइंट्सशिवाय असा खेळ करू नका. कंपन्या जुनी कोट्स बघतात, उगाच संशय.

कोर्स केल्याची नोंद पोलिसांकडे राहते, लायसन्सवर येत नाही. बहुतेक विमा कंपन्या त्याबद्दल विचारत नाहीत, काही विचारतात. "गेल्या काही वर्षांत स्पीड अवेअरनेस कोर्स केला आहे का?" असा सरळ प्रश्न फॉर्मवर असेल तर सरळ उत्तर द्या. खोटं लिहिलंत आणि पुढे अपघात झाला, तर क्लेम नाकारायला त्यांना आयतं कारण मिळतं. प्रश्न नसेल तर आपणहून सांगायची गरज नाही, कारण कोर्स म्हणजे शिक्षा नव्हे.

व्हिसाचा प्रश्न आपल्या लोकांत हमखास येतो. कोर्स पूर्ण केला की प्रकरण तिथेच मिटतं, दंड नाही, गुन्हा सिद्ध नाही. वेळेत भरलेला १०० पौंडांचा दंडही कोर्टाने ठोठावलेली शिक्षा नसते. पण व्हिसाच्या फॉर्मवर ड्रायव्हिंगसाठी झालेल्या दंडाबद्दल प्रश्न असतो, तिथे लपवाछपवी नको. आयएलआर, म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, तोंडावर आलं असेल तर निदान एक प्रश्न तरी कमी, म्हणून कोर्स.

काहींच्या बाबतीत तर विचार करायलाही जागा नाही. इथली टेस्ट पास होऊन २ वर्षं झाली नसतील तर ६ पॉइंट्सना लायसन्स रद्द होतं आणि लर्नरपासून पुन्हा सुरुवात करावी लागते, भारतात २० वर्षं गाडी चालवली असली तरीही. आपण चाळिशीत इथली टेस्ट देतो आणि कायद्याच्या नजरेत अठरा वर्षांच्या पोराच्या रांगेत उभे राहतो. ३ पॉइंट्स घेतलेत की कॅमेऱ्याचा पुढचा एक फ्लॅश आणि बस. तसंच ज्यांच्याकडे आधीच ९ आहेत त्यांचं. ३ वर्षांत १२ झाले की साधारण ६ महिने गाडीला हात लावता येत नाही. टॅक्सी, डिलिव्हरी, केअर व्हिजिट्स अशी ज्यांची रोजीरोटी चाकावर आहे, त्यांनी तर पत्र हातात आल्या आल्या कोर्स बुक करावा.

"कोर्स पुढच्या वेळेसाठी राखून ठेवते, या वेळी पॉइंट्स घेते," असंही एकीने मला सांगितलं. आपली काटकसरी बुद्धी, नवी साडी लग्नसराईसाठी ठेवायची. पण इथे राखून काही उरत नाही. आत्ता पॉइंट्स घेतले तर विम्याची वाढ आजपासून सुरू, आणि दुसऱ्यांदा सापडाल की नाही हे कुणाला माहीत. कोर्स आत्ताच वापरावा.

कोर्स कधी घेऊ नये

कोर्स स्वीकारणं म्हणजे "हो, मीच होते, इतक्या वेगाने होते" असं मान्य करणं. गाडी तुम्ही चालवत नव्हतात, पहिली नोटीस मालकाला खरोखर उशिरा मिळाली, तात्पुरत्या मर्यादेची पाटीच लावलेली नव्हती, असं काही भक्कम असेल तर आधी फोटो मागवा, वकिलाला दाखवा, मग ठरवा. कोर्ससाठी पैसे भरून मग भांडायला जाता येत नाही. पण नुसता राग म्हणून कोर्टात जाणार असाल तर दर ऐकून घ्या: ३०च्या रस्त्यावर ४०पर्यंतच्या वेगाला दंडाची सुरुवात साधारण आठवड्याच्या निम्म्या पगारापासून होते, वर ४० टक्के सरचार्ज, वर खर्च.

"मला तर पाटीच दिसली नाही" हा युक्तिवाद माझ्याकडेही होता. तो कोर्सच्या पहिल्या अर्ध्या तासात मेला. शहरात रस्त्यावरचे दिव्याचे खांब १८३ मीटरांपेक्षा जवळ असतील आणि दुसरी पाटी नसेल तर मर्यादा ३० (वेल्समध्ये आता २०). मध्येमध्ये आठवणीच्या पाट्या लावायची गरजच नाही. रस्ता दोन पदरी असो, मध्ये कठडा असो, खांब मोजायचे. मी १४ वर्षं या देशात गाडी चालवते, टेस्टही पहिल्या फटक्यात पास झाले होते, आणि मला हे धड माहीत नव्हतं.

लाज वाटते म्हणून कोर्स टाळणारेही आहेत. २०२३मध्ये तेव्हाच्या गृहमंत्री सुएला ब्रेव्हरमन यांच्यावरून इथे केवढा गदारोळ झाला. सगळ्यांबरोबर बसायला नको म्हणून वेगळी सोय होईल का, अशी चौकशी त्यांनी अधिकाऱ्यांकडे केली, असा आरोप होता. शेवटी त्यांनी दंड आणि पॉइंट्स घेतले. तुम्ही-आम्ही गृहमंत्री नाही. माझ्या स्क्रीनवर सगळ्यांची नुसती पहिली नावं होती, आणि जो तो आपलाच चेहरा बघण्यात गुंग.

बुकिंग आणि तो दिवस

पत्रात दिलेल्या मुदतीत होकार कळवा आणि लगेच तारीख घ्या. जिथे पकडलं तिथलाच कोर्स करावा लागतो असं नाही. कोर्स घेणाऱ्या संस्था बऱ्याच आहेत, फी थोडी कमीजास्त असते, दोन-तीन ठिकाणचे दर बघा. ऑनलाइन किंवा वर्गात, दोन्ही मिळतं. दिवाळीला किंवा डिसेंबरात भारतात जाणार असाल तर जाण्याआधीची तारीख पकडा. तिकडे काकूकडे वायफाय आहे, तिथून करू, असले बेत नकोत. मुदत चुकली की फाइल परत पोलिसांकडे जाते.

मी ऑनलाइन केला. पावणेतीन तास. सुरुवातीला एकेकाला बाजूला घेऊन फोटो असलेलं ओळखपत्र कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात. वेळेआधी दहा मिनिटं लॉग इन करा. उशिरा आलेल्यांना आत घेत नाहीत आणि पुन्हा बुक करायला पुन्हा पैसे. कॅमेरा पूर्ण वेळ चालू, खोलीत तुम्ही एकटे. सासूबाई मध्येच चहा घेऊन आत आल्या, तर कोर्स घेणाऱ्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की खोलीत दुसरं कुणी नको. सासूबाई दारातूनच "नमस्ते" करून गेल्या. परीक्षा नसते, नापास करत नाहीत, पण बोलावं लागतं. नुसतं बसून राहिलात, खाली फोन चाळत बसलात, तर काढून टाकू शकतात. इंग्रजीचं दडपण घेऊ नका. आमच्यात एक आजोबा तुटक बोलत होते, त्यांना वेळ देऊन ऐकलं.

माणसं कशी होती म्हणाल तर तुमच्याआमच्यासारखी. एक नर्स नाइट शिफ्टहून येताना ४६वर, एक बांधकामवाला व्हॅनमध्ये. त्याला हेही माहीत नव्हतं की मध्ये कठडा नसलेल्या ज्या साध्या रस्त्यावर कारला ६० असतात तिथे त्याच्या व्हॅनला ५०च. प्रत्येकाला विचारलं, का जोरात होता? उशीर झाला होता, असं फार थोडे म्हणाले. बहुतेकांचं उत्तर माझ्यासारखंच, लक्षातच आलं नाही.

एक गोष्ट मात्र मी घरी आणली. कोर्समध्ये थांबायची अंतरं दाखवतात. ३०ला २३ मीटर, ४०ला ३६. माझा मुलगा ए-लेव्हलला फिजिक्स करतो. त्याला म्हटलं, माझं ३७चं काढून दे. त्याने जेवणाच्या टेबलावर बिलाच्या पाठीवर लिहिलं: ३७चा वर्ग वजा ३०चा वर्ग, ४६९, वर्गमूळ जवळजवळ २२. म्हणजे दोन्ही गाड्यांनी एकाच ठिकाणी ब्रेक दाबला, तर ३०वाली जिथे पूर्ण थांबते तिथे माझी अजून ताशी २२ मैलांनी चाललेली असते. साधारण ३५ किलोमीटर. वर तो म्हणाला, "आई, आणि ब्रेक दाबायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही." सासूबाईंनी विचारलं, म्हणजे किती? मी म्हटलं, तुमची लुना पूर्ण जोरात.

कोर्स झाल्यावर ईमेल येते, ती जपून ठेवा. लायसन्स कुठे पाठवावं लागत नाही, विमा कंपनीला कळवायचं काही नाही, त्यांनी विचारलं तरच. मी मात्र एक तारीख फ्रिजवर लावली आहे, २४ सप्टेंबर २०२६. तोवर पुन्हा सापडले तर कोर्स नाही, थेट पॉइंट्स. तिच्या वर नवऱ्याची जून २०२४ची चिठ्ठी होती. ती तारीख उलटल्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने चिठ्ठी काढून टाकली, आणि त्या आठवड्यात गाडीच्या किल्ल्या मी माझ्याकडे ठेवल्या.